अपुऱ्या महाकाव्याची पूर्ति : कै. लक्ष्मीबाई टिळक

थोरांचीं अपुरीं राहिलेलीं कामें दुसऱ्यांनीं तडीस नेल्याचीं उदाहरणें जगांत अनेक आहेत. बाणभट्टाची कादंबरी त्याच्या पुत्रानें पूर्ण केली. संगीतकार मोझार्ट १७९१ सालीं व्हिएन्ना शहरीं वारला, तेव्हां मृतांसाठीं रचलेलें त्याचें अपुरें प्रार्थनासंगीत त्याचा शिष्य स्यूसमायर यानें पुरें केलें. ह्याच मालिकेंत आपल्या नाशिकच्या लक्ष्मीबाई टिळकांचें नांव घेतलें पाहिजे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालीं नाशिकजवळील जलालपूर येथें गोखले घराण्यांत झाला. वयाच्या अकराव्या वर्षीं कवि नारायण वामन टिळक यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. शाळेचें तोंड त्यांनीं पाहिलें नव्हतें. अक्षरओळख झाली ती पतीकडूनच. १८९५ सालीं टिळकांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हां बाईंवर आकाश कोसळलें. कांहीं वर्षें त्या पतीपासून दूर राहिल्या. पुढें त्या परतल्या, आणि १९०० सालीं स्वतःच्या विचारानें त्यांनींही तो धर्म पत्करला.

येशूचें चरित्र मराठी ओवींत गावें, अशा संकल्पानें टिळकांनीं ‘ख्रिस्तायन’ लिहावयास घेतलें होतें. परंतु दहा-अकरा अध्याय झाले असतील नसतील, तोंच ९ मे १९१९ रोजीं त्यांचें देहावसान झालें. ते कागद तसेच पडून राहते, तरी कोणीं बाईंस बोल लाविला नसता. पण मुंबईस मुलींच्या वसतिगृहाची देखरेख, पुढें कराचीचें वास्तव्य, संसाराच्या विवंचना हें सर्व सांभाळून त्यांनीं लेखणी हातीं धरली आणि तब्बल ६४ अध्याय रचले. टिळक संस्कृतज्ञ पंडित. बाईंची भाषा चुलीजात्यापाशीं घडलेली. पांडित्याचें सोंग त्यांनीं आणलें नाहीं. ओवी पतीची ठेवली, बोली आपली ठेवली. त्यांच्या ह्याच साध्या वाणीमुळें ‘स्मृतिचित्रें’ हें त्यांचें आत्मचरित्र १९३४ पासून प्रसिद्ध होतांच घरोघरीं आवडीनें वाचलें गेलें.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजीं नाशिक येथें त्या निवर्तल्या. पूर्ण झालेलें ‘ख्रिस्तायन’ १९३८ सालीं छापून निघालें. तें पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

विद्यार्थीहो, वडीलधाऱ्यांनीं आरंभिलेलें एखादें सत्कार्य अपुरें दिसलें, तर आपल्या अंगीं तेवढी विद्या नाहीं ह्या सबबीवर तें टाकून देण्यापूर्वीं, शाळेंत कधीं न गेलेल्या ह्या बाईंचे ते ६४ अध्याय आठवावे.