जॉन हस आणि अक्षरावरचे टिंब

जॉन हस हे नाव आपणांस परिचयाचे आहे. संडे स्कूलमध्ये रक्तसाक्ष्यांच्या गोष्टी सांगताना त्यांची गोष्ट आपण सांगतो. परंतु त्यांच्या एका लहानशा कामाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ते काम म्हणजे अक्षरावर दिलेले एक टिंब.

हस यांचा जन्म १३७० च्या सुमारास दक्षिण बोहेमियातील हुसिनेत्स या खेड्यात, गरीब घरी झाला. प्रागच्या विद्यापीठातून १३९६ साली ते मास्टर झाले, १४०० साली त्यांना याजकपदाची दीक्षा मिळाली आणि १४०२ पासून ते बेथलेहेम नावाच्या उपासनामंदिरात उपदेश करू लागले. हे मंदिर १३९१ मध्ये मुद्दाम चेक भाषेतील उपदेशासाठी स्थापण्यात आले होते. तेथे सुमारे तीन हजार माणसे मावत.

लोकांना स्वभाषेत ऐकता आले, पण वाचण्याचे काय? चेक भाषा लॅटिन अक्षरांत लिहीत आणि तिच्यातील कित्येक ध्वनींना त्या लिपीत अक्षरच नव्हते. मग दोन-दोन अक्षरे जोडून काम भागवीत, तेही प्रत्येक लेखनिक आपापल्या परीने. आपल्या मराठीचेच पाहा. 'चार' आणि 'चाक' यांतील च वेगळे, पण आपण ते एकाच अक्षराने लिहितो. आपल्याला सवय आहे, नवख्याला मात्र अडखळायला होते.

१४०६ ते १४१२ च्या दरम्यान लिहिलेल्या एका लॅटिन पुस्तिकेत यावर सोपा उपाय सापडतो. तिच्यावर लेखकाचे नाव नाही, तथापि ती हस यांचीच असे बहुतेक विद्वान मानतात. नुसता 'सी' म्हणजे 'चाक'मधला च, त्यावर टिंब दिले की 'चार'मधला च. 'एस'वर टिंब दिले की श. दीर्घ स्वरावर तिरपी रेघ. एका ध्वनीला एक अक्षर, म्हणजे साध्या माणसालाही वाचता यावे.

१४१२ साली पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध बोलल्यामुळे हस यांना प्राग सोडावे लागले. खेड्यापाड्यांत ते उपदेश करीत राहिले, चेक भाषेत लिहीत राहिले. १४१४ मध्ये सम्राट सिगिस्मंडच्या अभयपत्रावर विसंबून ते कॉन्स्टन्सच्या धर्मसभेस गेले. काही आठवड्यांतच त्यांना कैद झाली. पवित्र शास्त्रातून चूक दाखवून दिल्याशिवाय आपली मते सोडण्यास त्यांनी नकार दिला. ६ जुलै १४१५ रोजी त्यांना जिवंत जाळण्यात आले आणि मागे काही राहू नये म्हणून त्यांची राख ऱ्हाइन नदीत टाकण्यात आली.

परंतु टिंब राहिले. त्यांच्या मागून आलेल्या बंधुमंडळीने १५७९ पासून क्रालिस येथे सहा भागांत बायबल छापले, तेव्हा ही रीत घरोघर पोहोचली. पुढे टिंबाची बारीक आकडी झाली. आजही चेक भाषा तशीच लिहितात.

आपल्या काळात या आकडीवर पुन्हा संकट आले. संगणक प्रत्येक अक्षर क्रमांकाने ओळखतो. १९६३ च्या अमेरिकन तक्त्यात १२८ च जागा होत्या, त्यांत आकडीच्या 'सी'ला जागा नव्हती. १९८७ च्या मध्य युरोपच्या तक्त्यात त्याला २३२ क्रमांक मिळाला, पण पश्चिम युरोपच्या तक्त्यात २३२ म्हणजे रेघ दिलेला फ्रेंच 'ई'. त्यामुळे प्रागहून पाठविलेला मजकूर दुसरीकडे भलताच दिसे. एका फाँटमधील मराठी दुसऱ्या फाँटमध्ये कशी विस्कटते, हे आपणही अनुभवले आहे.

१९९१ पासून आलेल्या युनिकोडने सर्व लिप्यांसाठी एकच तक्ता केला. त्यात आकडीच्या 'सी'चा क्रमांक २६९. साधा 'सी' ९९ आणि सुटी आकडी ७८० जोडूनही तेच अक्षर मानले जाते. त्याच तक्त्यात आपला च २३३० क्रमांकावर आहे.

पुढच्या वेळी हस यांची गोष्ट सांगताना आपण फळ्यावर 'चार' आणि 'चाक' लिहून मुलांकडून मोठ्याने वाचून घेऊ. ज्या माणसाने सत्यासाठी प्राण दिला, त्याला साध्या माणसाच्या वाचनातील एवढीशी अडचणही लहान वाटली नव्हती, हे त्यांना कळू द्या.