एका डोळ्याचा मोजणीदार

घणसोली गावातून पूर्वेला डोंगर दिसतो. तो किती लांब आहे हे तिथवर न जाता काढता येते. गावात दोन जागा ठरवायच्या, त्यांतले अंतर मोजायचे आणि दोन्ही टोकांवरून डोंगरमाथ्याकडचा कोन घ्यायचा. शाळेतली कोबाको कसोटी आठवा: दोन कोन आणि त्यांमधली बाजू जुळली की त्रिकोण एकरूप. म्हणजेच या तीन मापांचा वेगळा त्रिकोण होऊच शकत नाही, उरलेल्या बाजू गणिताने मिळतात. याच आधारावर विल्यम लॅम्बटन यांनी हिंदुस्थान मोजायला घेतला.

लॅम्बटन यॉर्कशायरचे, इंग्रजी फौजेतले. तरुणपणी उत्तर अमेरिकेत असताना सूर्यग्रहण पाहताना त्यांच्या डाव्या डोळ्याची नजर गेली. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, खरा धोका तोच. इजा होताना काहीच दुखत नाही. काही तासांनी नजरेच्या मधोमध डाग दिसू लागतो. काहींची दृष्टी पुढच्या महिन्यांत सुधारते, काहींची नाही, आणि खात्रीचा उपचार आजही नाही. तरी ग्रहण आले की घराघरांतून एक्स-रेच्या फिल्म निघतातच!

आपले दोन डोळे हाही सुमारे सहा सेंटीमीटरचा पायाच. दोन्हींच्या कोनांतल्या फरकावरून मेंदू जवळच्या वस्तूचे अंतर ताडतो. लॅम्बटन यांचा हा पाया गेला होता. पण दुर्बिणीला एकच डोळा पुरतो. १८०२ साली मद्रासजवळ त्यांनी सुमारे १२ किलोमीटरचा पाया साखळीने मोजला आणि त्यावर पहिला त्रिकोण उभा केला. त्यातून निघालेली बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया. अशा साखळीत चूकही पुढे पुढे जाते, म्हणून मधूनमधून जमिनीवर नवा पाया मोजून ताळा घ्यायचा.

कोन मोजण्याचे त्यांचे थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचे होते. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळाच्या गोपुरावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळून वाकले. लॅम्बटन यांनी सुमारे सहा आठवडे खपून ते स्वतः दुरुस्त केले.

पुढे हैदराबादकडच्या जंगलात तापाने माणसे आजारी पडली. त्यांचे मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट यांना प्रकृती सुधारण्यासाठी आफ्रिकेच्या टोकाला केपला जावे लागले. सत्तरीकडे झुकलेले लॅम्बटन काम करतच राहिले. नागपूरच्या वाटेवर, २० जानेवारी १८२३ रोजी, हिंगणघाटला त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर तिथेच आहे. त्रिकोणांची साखळी मग एव्हरेस्ट यांनी उत्तरेकडे नेली.