विश्लेषण : अक्षर-अंकांची शाळा अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक

तीन-चार वर्षांच्या मुलाला शंभरपर्यंत आकडे म्हणता आले की घरात कौतुक होते. पण त्याच मुलाला सात खडे मोजून द्यायला सांगितले की ते अनेकदा गोंधळते. म्हणणे आणि मोजणे यातला हा फरक ओळखून महाराष्ट्रात बालशिक्षणाची पायाभरणी केली ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी.

ताराबाई या क्षेत्रात कशा आल्या?

ताराबाई पूर्वाश्रमीच्या केळकर. जन्म मुंबईचा, घरचे वातावरण सुधारकी. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील कृष्णाजी मोडक यांच्याशी विवाह झाला, मात्र १९२१ मध्ये दोघे विभक्त झाले. ताराबाई राजकोटला महिला अध्यापक महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. ते मानाचे पद सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गेल्या. तेथे वकिली सोडून शिक्षक झालेले गिजुभाई बधेका ‘दक्षिणामूर्ती’ संस्थेत बालमंदिर चालवत होते. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. संघाच्या मराठी ‘शिक्षणपत्रिके’चे संपादनही ताराबाईंनी केले.

अक्षरे आणि अंक हातातून कसे शिकतात?

भावनगरच्या प्रयोगाचा आधार होता इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसरी यांची पद्धत. त्यांनी १९०७ मध्ये रोममधील गरीब वस्तीत पहिले बालगृह सुरू केले होते. या पद्धतीत खरखरीत कागदाची अक्षरे पाटीवर चिकटवलेली असतात. मूल त्यावरून बोटे फिरवते आणि त्याच वेळी त्या अक्षराचा उच्चार करते. डोळा, कान आणि हात एकाच वेळी शिकतात. पेन्सिल हाती येण्याआधीच अक्षराचे वळण बोटांत बसते.

अंकांचेही तसेच. दहा दांड्यांपैकी सर्वात लहान दांडी १० सेंटिमीटरची, तर सर्वात मोठी एक मीटरची. पाच ही दोनपेक्षा किती मोठी, हे मूल दांडी उचलून, शेजारी ठेवून पाहते. संख्येची जाणीव आधी होते, आकड्याची खूण नंतर येते.

मग अडचण कुठे आली?

ही साधने महाग होती. दादरला १९३६ मध्ये सुरू झालेल्या शिशुविहारातही प्रामुख्याने शहरी, सुशिक्षित घरांतली मुले येत. खेड्यातल्या, आदिवासी पाड्यावरच्या मुलांचे काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. आयात साधनांची जागा बिया, खडे, शिंपले, पाने आणि काड्यांनी घेतली. मोजायला, लहान-मोठे लावायला, जोड्या जुळवायला एवढे पुरेसे होते.

शाळा अंगणात का गेली?

साधने स्वस्त झाली, तरी मुले येईनात. कोणी गुरे राखत असे, कोणी धाकट्या भावंडाला सांभाळत असे. मुलांना दोष देण्याऐवजी ताराबाईंनी शाळेचीच जागा आणि वेळ बदलली. पाड्यावर, मुलांच्या सोयीच्या वेळी भरणारी ती अंगणवाडी. गुराख्यांसाठी चराऊ रानात भरणारी ती कुरणशाळा. पुढे कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी आकाराला आली. तान्ह्या भावंडाची सोय शेजारीच झाल्याने मोठ्या बहिणीला वर्गात बसता येऊ लागले. अक्षरओळखीआधी हातपाय धुणे, नखे कापणे हेही शिक्षणच मानले गेले.

आज त्याचे महत्त्व काय?

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांचे नावही अंगणवाडीच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला असून त्यात खेळ आणि कृतीतून शिकण्यावर भर आहे. तरीही तिसऱ्या वर्षी वहीत ओळी गिरवून घेण्याची घाई अनेक घरांत आणि शाळांत सुरूच आहे. ताराबाईंच्या बालवाडीत मुलाच्या हाती आधी मूठभर बिया येत. वहीची पाळी नंतरची.