अलेक्सी द तॉकव्हिल : जीवनपरिचय

लोकशाहीचा हा मर्मग्राही अभ्यासक लोकशाहीच्या लाटेत सत्ता गमावलेल्या सरदारवर्गातून आला, हे आपण प्रथम ध्यानात घ्यावे. तॉकव्हिल यांचा जन्म २९ जुलै १८०५ रोजी पॅरिस येथे, नॉर्मंडीतील जुन्या सरदार घराण्यात झाला. सोळाव्या लुईचे वकीलपत्र घेणारे मालझेर्ब हे त्यांच्या आईचे आजोबा. १७९४ मध्ये क्रांतिकारकांनी त्यांचा शिरच्छेद केला. तुरुंगात असलेले आईवडील रोबेस्पिएरच्या पतनामुळे वाचले.

अशा घराण्यातील तरुणाने लोकशाहीचा द्वेष केला असता, तर नवल नव्हते. तॉकव्हिल यांनी मात्र ती समजून घेतली. तुरुंगव्यवस्थेच्या पाहणीसाठी १८३१ मध्ये ते ब्यूमाँ या मित्रासह अमेरिकेस गेले. त्यातून ‘अमेरिकेतील लोकशाही’ हा ग्रंथ दोन भागांत (१८३५, १८४०) सिद्ध झाला. समतेकडील वाटचाल अटळ आहे. परंतु बहुमतही जुलमी होऊ शकते, हे त्याचे सार होय.

१८३९ मध्ये ते संसदेत निवडून आले. जानेवारी १८४८ मध्ये त्यांनी क्रांतीचा इशारा दिला. पुढच्याच महिन्यात राजसत्ता कोसळली. १८४९ मध्ये ते काही महिने परराष्ट्रमंत्री होते. १८५१ च्या लुई नेपोलियनच्या सत्ताबळकावणीस विरोध केल्याने त्यांना अटक झाली आणि त्यांचे राजकीय जीवन संपले. १६ एप्रिल १८५९ रोजी कान येथे त्यांचे निधन झाले.

स्वातंत्र्याच्या या पुरस्कर्त्याने अल्जीरियावरील फ्रेंच वर्चस्वाचे मात्र समर्थन केले. स्ववर्गाचा मोह ओलांडणाऱ्यास स्वराष्ट्राचा मोह का ओलांडता आला नाही, याचा आपण विचार करावा.