कानावरून माणूस ओळखणारे बर्टिलॉन

गुन्हेगार नाव बदलतो, वेश बदलतो, दाढीही वाढवतो. मात्र कानाची ठेवण त्याला सहजासहजी बदलता येत नाही. हे हेरून पोलिस तपासात कानाला मानाचे स्थान दिले ते फ्रान्सच्या अल्फॉन्स बर्टिलॉन यांनी.

बर्टिलॉन यांचा जन्म 1853 मध्ये पॅरिसमधील विद्वान घराण्यात झाला. वडील डॉक्टर व संख्याशास्त्रज्ञ, भाऊ जाकही त्याच वाटेने गेलेला. अल्फॉन्सना मात्र शाळेतून काढून टाकण्यात आले होते. 1879 मध्ये वडिलांच्या ओळखीने त्यांना पॅरिस पोलिसांत कारकुनी मिळाली. कैद्यांची वर्णने उतरवून घेणे, हे त्यांचे काम. ती वर्णने इतकी मोघम असत, की सराईत गुन्हेगाराने खोटे नाव सांगितले की तो सुटलाच.

घरच्या संस्कारांतून बर्टिलॉन यांना उपाय सुचला. प्रौढ माणसाच्या हाडांची मापे फारशी बदलत नाहीत आणि सर्व मापे जुळणारी दोन माणसे सापडणे जवळपास अशक्य. उंची, डोके, पाऊल, बोटे आणि उजव्या कानाची लांबी अशी अकरा मापे त्यांनी निश्चित केली. वरिष्ठांनी हा प्रस्ताव प्रथम धुडकावला. 1882 च्या अखेरीस नव्या पोलिसप्रमुखांनी केवळ तीन महिन्यांची मुदत दिली. ती संपत आली असताना, फेब्रुवारी 1883 मध्ये, खोटे नाव सांगणारा एक जुना गुन्हेगार मापांवरून पकडला गेला आणि पद्धत तरली.

कानाच्या लांबीवर ते थांबले नाहीत. कानाची कड, पाळी, आतील वळणे यांचे प्रकार पाडून त्यांनी नोंदी केल्या. कैद्याचे समोरून व उजव्या बाजूने, कान दिसेल असे छायाचित्र घेण्याची पद्धत त्यांनीच रूढ केली. 1892 मध्ये बॉम्बस्फोट घडविणारा अराजकवादी रावाशोल याची ओळख याच नोंदींनी पटली.

यशाने आलेला अतिविश्वास मात्र घातक ठरला. हस्ताक्षरतज्ज्ञ नसतानाही 1894 मध्ये त्यांनी एक गोपनीय कागद कॅप्टन ड्रेफस यांनीच लिहिल्याचा निर्वाळा दिला. निरपराध ड्रेफस यांना डेव्हिल्स आयलंडवर खितपत पडावे लागले. 1906 मध्ये ते निर्दोष ठरले.

दरम्यान बोटांचे ठसे पुढे सरसावले होते. बंगाल पोलिसांनीही प्रथम बर्टिलॉन पद्धत स्वीकारली होती. पण 1897 मध्ये कलकत्त्यात ठशांचा विभाग सुरू झाला. एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी ठशांचे वर्गीकरण सिद्ध केले. मापे घेण्यात होणाऱ्या चुकांपुढे ठसे सरस ठरले. 1914 मध्ये बर्टिलॉन निवर्तले, तेव्हा त्यांची पद्धत मावळतीला लागली होती.

कान मात्र मागे उरला. आज संगणक कानाच्या छायाचित्रावरून माणूस ओळखू पाहतो. केस, टोपी, प्रकाश यांचा अडसर त्यालाही आहेच. यंत्राचा कौल मानण्यापूर्वी तो तपासून घ्यावा, हा ड्रेफस प्रकरणाचा धडा या नव्या बर्टिलॉनलाही लागू पडतो.