अर्धवट राहिलेला डाव : ब्लेझ पास्कल

फ्रान्स देशात क्लेरमाँ गावी १९ जून १६२३ रोजी ब्लेझ पास्कल याचा जन्म झाला. तो तीन वर्षांचा असताना आई वारली. वडिलांना गणिताचा भारी नाद. पण मुलाने आधी भाषा शिकाव्यात, गणित मागाहून, असा त्यांचा हट्ट होता. म्हणून त्यांनी घरातली गणिताची पुस्तके चक्क दडवून ठेवली! मुलांपासून लपवलेली वस्तू कधी लपून राहते का? ब्लेझ कोळशाने फरशीवर त्रिकोण आणि वर्तुळे काढू लागला. बारा वर्षांचा हा मुलगा त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन कशी होते, याच्या मागे लागला होता, असे त्याच्या बहिणीने लिहून ठेवले आहे. ते पाहून वडील विरघळले आणि पुस्तके बाहेर आली.

पुढे वडिलांकडे रुआँ शहरात करवसुलीचे काम आले. बेरजा करून करून ते थकून जात. ते बघून पास्कलने १६४२ साली बेरीज-वजाबाकी करणारे दातेरी चाकांचे यंत्र करायला घेतले.

आता खरी गंमत. १६५४ साली द मेरे नावाच्या एका शौकीन गृहस्थाने त्याला जुगारातला एक प्रश्न घातला. (जुगार वाईटच. पण प्रश्न नामी होता!) दोघे खेळतात. त्यांना आपण रामू आणि गोपाळ म्हणू. दोघांनी ३२-३२ नाणी लावली, एकूण ६४. जो आधी तीन डाव जिंकेल त्याची सगळी नाणी. रामूचे दोन डाव झाले, गोपाळचा एक, आणि खेळ मोडला. आपलीही सापशिडी अशीच घंटेने मोडते, नाही का? मग नाणी वाटायची कशी?

हा प्रश्न जुना होता. १४९४ साली इटलीच्या लुका पॅचोलीने जिंकलेल्या डावांच्या प्रमाणात वाटणी सांगितली होती. पास्कल म्हणाला, झालेले डाव मोजून उपयोग नाही, पुढे काय काय होऊ शकते ते बघा. समजा, आणखी एक डाव झाला. रामू जिंकला तर ६४ नाणी त्याची. हरला तर दोघांची बरोबरी, म्हणजे ३२ नाणी. तेव्हा ३२ तर रामूची कशीही झालीच. उरलेल्या ३२ साठी दोघांना सारखीच संधी, म्हणून निम्मी-निम्मी. रामूला ४८, गोपाळला १६. हिशेब चोख!

तुलूज शहरी पिएर द फर्मा नावाचे न्यायाधीश राहत. तेही मोठे गणिती. त्यांनी वेगळी वाट धरली. जास्तीत जास्त दोन डावांत निकाल लागणार, म्हणजे चार शक्यता : रामू-रामू, रामू-गोपाळ, गोपाळ-रामू, गोपाळ-गोपाळ. पहिल्या तिन्हींत रामूच जिंकतो. ६४ चा पाऊण भाग किती? ४८! दोघांची उत्तरे जुळली. हा सगळा विचार पत्रांतून चालला होता. संभाव्यतेचे गणित या पत्रांतून उभे राहिले. आज विम्याचा हप्ता ठरवताना आणि पावसाचा अंदाज बांधताना तेच कामी येते.

अशा हिशेबासाठी पास्कलने आकड्यांचा एक त्रिकोण वापरला. तीन नाणी उडवली तर त्यातली १, ३, ३, १ ही ओळ बघायची : तीन छापे एका रीतीने, दोन छापे तीन रीतींनी, एक छापा तीन रीतींनी, एकही नाही तो एका रीतीने. आपल्याकडे हाच त्रिकोण मेरुप्रस्तार म्हणून ठाऊक होता. दहाव्या शतकात हलायुधाने तो छंदशास्त्रासाठी समजावून दिला आहे.

पास्कलची प्रकृती मात्र तरुणपणापासून नाजूक. १६५४ च्या अखेरीस त्याचे मन धर्माकडे वळले. १६६० साली फर्मांनी त्याला भेटीला बोलावले, मधल्या वाटेवर भेटू म्हणाले. पण पास्कलला काठीशिवाय चालवत नव्हते आणि घोड्यावर बसवत नव्हते. भेट राहिली ती राहिलीच. १९ ऑगस्ट १६६२ रोजी पॅरिसमध्ये तो वारला. वय अवघे ३९.

कोडे : रामूचे दोन डाव, गोपाळचा एकही नाही, आणि खेळ मोडला. ६४ नाणी कशी वाटाल? पालकांनीही करून बघावे. (उत्तर : रामू ५६, गोपाळ ८. कसे, ते वहीत मांडून दाखवा.)