यूरी गागारिन यांची सही



मला सह्या गोळा करायचा छंद आहे. माझ्याजवळ शंभर पानी वही आहे. तिच्यात सरपंचांची सही आहे, पोस्टमन काकांची आहे, दवाखान्यातल्या नर्सबाईंची आहे आणि आपल्या बाईंची पण आहे. पहिलं पान मात्र मी कोरं ठेवलं होतं. त्या पानावर मला अंतराळवीराची सही पाहिजे होती. मुलं मला हसली. पण बाई हसल्या नाहीत.

बाईंनी सांगितलं की अंतराळवीरांच्या सह्या गोळा करणारे लोक जगभर आहेत. ते फोटोवर, पाकिटावर, पोस्टाच्या तिकिटावर सही मिळवतात आणि जपून ठेवतात. पुढे त्या सह्या फार महाग विकल्या जातात. म्हणून कोणी खोट्या सह्या पण करतात. अमेरिकेत तर अंतराळवीरांची सही करणारं यंत्रच होतं, कारण मागणारे फार आणि हात एकच. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग यांनी १९९४ सालापासून सह्या देणंच बंद केलं, कारण लोक त्या विकत होते.

मग मी विचारलं, सगळ्यात पहिला अंतराळवीर कोण? बाईंनी मला यूरी गागारिन यांची गोष्ट सांगितली. ती मला इतकी आवडली की मी ती या भित्तिपत्रकासाठी लिहून काढली.

यूरी गागारिन यांचा जन्म ९ मार्च १९३४ रोजी रशियातल्या क्लुशिनो नावाच्या खेड्यात झाला. त्यांच्या वडिलांचे नाव अलेक्सेई व आईचे नाव आना. वडील सुतार होते. आई गावच्या शेतीवर गाईंची धार काढायची. चार भावंडांत यूरी तिसरे. व्हॅलेंटिन हा मोठा भाऊ, झोया ही बहीण आणि बोरिस हा धाकटा भाऊ. म्हणजे आपल्यासारखंच गाव, आपल्यासारखीच शेती आणि गुरं.

यूरी सात वर्षांचे असताना १९४१ साली युद्ध सुरू झालं. जर्मन सैनिक गावात घुसले. त्यांनी गागारिन कुटुंबाचं घर घेतलं आणि त्यांना बाहेर काढलं. मग वडिलांनी घरामागे जमीन खणली. त्या मातीच्या खोपटात सगळे राहिले. तिकडे थंडी किती असते! पाणी सुद्धा गोठतं. एकदा एका सैनिकाने छोट्या बोरिसला त्याच्याच गळ्यातल्या मफलरने झाडाला टांगलं. आईने धावत येऊन त्याला सोडवलं म्हणून तो वाचला. पुढे १९४३ साली सैनिकांनी व्हॅलेंटिन आणि झोया या दोघांना कामाला धरून नेलं. घरच्यांना वाटलं, आता ही पोरं काही परत येत नाहीत. पण युद्ध संपल्यावर दोघं परत आली.

शाळा सुद्धा बंद पडली होती. ती पुन्हा सुरू झाली तेव्हा पुस्तकं नव्हती. सैनिकांचं नियमांचं एक जुनं पुस्तक होतं, त्यावरच मुलं वाचायला शिकली. आपल्याला तर शाळेतून पुस्तकं फुकट मिळतात, तरी आपण त्यांची पानं फाडतो.

याच युद्धात एक विमान गावाजवळ उतरलं. विमान मोडलं होतं. सगळी मुलं बघायला पळाली. यूरी पण पळाले. त्या दिवसापासून विमान त्यांच्या मनात बसलं.

पण घरची गरिबी होती. म्हणून यूरी मोठे झाल्यावर मॉस्कोजवळ कारखान्यात काम शिकायला गेले. लोखंड वितळवून साच्यात ओतायचं, हे ते काम. फार गरम आणि जोखमीचं. काम करून ते संध्याकाळच्या शाळेत शिकले. १९५१ साली ते साराटोव्ह या शहरात पुढच्या शिक्षणाला गेले. तिथे त्यांना विमान चालवायचा वर्ग सापडला. मग काय, दिवसा कॉलेज आणि बाकी वेळात विमान! १९५५ साली ते ओरेनबर्गच्या सैनिकी विमान शाळेत गेले. ते उंचीने कमी होते, फक्त १५७ सेंटिमीटर, म्हणजे सव्वापाच फुटांच्याही आत. उंचीवरून कोणी हिणवलं तर वाईट वाटून घेऊ नये, असं बाई म्हणतात ते खरं आहे. पुढे हीच कमी उंची त्यांच्या कामी आली, कारण अंतराळयानात जागा फार थोडी होती.

१९५७ साली त्यांचं लग्न व्हॅलेंटिना यांच्याशी झालं. त्यांना येलेना आणि गालिना या दोन मुली झाल्या. गालिनाचा जन्म ७ मार्च १९६१ चा. म्हणजे वडील अंतराळात गेले तेव्हा ती पाच आठवड्यांची तान्ही पोर होती.

अंतराळात जाण्यासाठी २० वैमानिक निवडले होते. त्यांना फार कठीण शिक्षण दिलं. गरागरा फिरवलं, खूप तापलेल्या खोलीत बसवलं, आवाज नसलेल्या खोलीत कित्येक दिवस एकटं ठेवलं. शेवटी पहिला मान यूरींना मिळाला. पण तोपर्यंत एकही माणूस वर गेलेला नव्हता. कुत्री गेली होती, त्यातली काही परत आली आणि काही मेली. माणूस परत येईल का, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

यूरींनी आपल्या आईला खरं सांगितलं नाही. लांब कामाला जातो, एवढंच सांगितलं. आणि १० एप्रिल १९६१ रोजी त्यांनी पत्नीला आणि मुलींना एक पत्र लिहिलं. आपण परत आलो नाही तरच ते त्यांना मिळावं म्हणून. त्यात लिहिलं होतं की यान चांगलं आहे, माझा त्यावर भरवसा आहे, पण माणूस सपाट जमिनीवर सुद्धा पडून मरू शकतो. माझं काही झालं तर दुःखात बुडून जाऊ नका. मुलींना लाडावून ठेवू नको, त्यांना चांगली माणसं कर. माझ्या आईवडिलांना विसरू नको, जमेल तेवढी त्यांना मदत कर. आणि खाली सही करताना त्यांनी मुलींसाठी बाबा आणि पत्नीसाठी यूरा, असं दोन्ही लिहिलं. यूरा हे त्यांचं घरचं नाव.

१२ एप्रिल १९६१ रोजी मॉस्कोच्या वेळेप्रमाणे सकाळी ९ वाजून ७ मिनिटांनी व्होस्टोक १ हे यान बैकोनूरहून उडालं. ताशी सुमारे २७ हजार किलोमीटर वेगाने त्याने पृथ्वीला एक फेरी मारली. सगळ्यात जास्त उंची ३२७ किलोमीटर होती. गागारिन यांना खाली ढग, समुद्र आणि नद्या दिसल्या. तिथे वस्तूंना वजन लागत नाही. त्यांची पेन्सिल सुटली आणि तरंगत कुठेतरी गेली. मग लिहायचं कसं? पुढचं सगळं त्यांनी बोलून टेपवर नोंदवलं. मला याची फार गंमत वाटली. पेन्सिल हरवली की आपल्याला वर्गात बोलणी बसतात. त्यांची तर अंतराळात हरवली.

वर असतानाच त्यांना बढती मिळाली आणि ते मेजर झाले. त्यांची आई घरी होती. तिला लोकांकडून आणि रेडिओवरून कळलं की आपला यूरा आकाशात गेला आहे. तिच्या जिवाला काय वाटलं असेल!

परत येताना यान जमिनीपासून सात किलोमीटर उंचीवर असताना ते खुर्चीसकट बाहेर फेकले गेले आणि हवाई छत्रीने खाली उतरले. सगळा प्रवास १०८ मिनिटांचा. म्हणजे आपल्या शाळेचे तीन तास सुद्धा नाहीत. ते उतरले एका शेतात. तिथे एक म्हातारी आणि तिची नात बटाटे लावत होत्या. नारिंगी कपडे आणि मोठं पांढरं टोप घातलेला माणूस बघून त्या भ्याल्या. मग गागारिन यांनी ओरडून सांगितलं की मी आपलाच माणूस आहे. जगातल्या पहिल्या अंतराळवीराला जमिनीवर पहिल्यांदा कोण भेटलं, तर शेतात काम करणारी एक आजी!

त्यानंतर सगळं जग त्यांना बघायला धावलं. ते कितीतरी देशांत गेले. इंग्लंडमध्ये मँचेस्टर शहरात पाऊस पडत होता. लोक पावसात भिजत उभे होते. म्हणून गागारिन पण उघड्या मोटारीतून भिजत गेले. तिथे ओतकाम करणाऱ्या कामगारांनी त्यांचा सत्कार केला, कारण ते पण एकेकाळी त्याच कामावर होते. १९६१ च्या शेवटी ते पत्नीबरोबर भारतात आले. पंडित नेहरूंना भेटले. आपल्या मुंबईलाही आले होते. जिथे जातील तिथे लोक कागद, वही, फोटो पुढे करायचे आणि ते हसत सही करायचे. सही रशियन लिपीत असायची. त्या लिपीतलं मोठं ग हे अक्षर म्हणजे एक उभी काठी आणि तिच्यावर उजवीकडे छोटी शिरोरेघ. ते मी वहीत काढून बघितलं आहे.

एवढं नाव झालं तरी त्यांनी शिकणं सोडलं नाही. १९६८ च्या फेब्रुवारीत ते विमानांच्या मोठ्या विद्यालयातून पास झाले. पण पुढच्याच महिन्यात, २७ मार्च १९६८ रोजी, सरावाचं विमान कोसळलं. त्यात गागारिन आणि त्यांच्याबरोबरचे वैमानिक सेर्योगिन दोघेही मरण पावले. गागारिन फक्त ३४ वर्षांचे होते. मुली लहान होत्या. मॉस्कोला क्रेमलिनच्या भिंतीत त्यांच्या अस्थी ठेवल्या आहेत.

आणि मग ते १९६१ सालचं पत्र व्हॅलेंटिना यांच्या हातात आलं. सात वर्षांनी. त्यांनी मुलींना तसंच वाढवलं. येलेना पुढे क्रेमलिनच्या संग्रहालयांच्या प्रमुख झाल्या आणि गालिना प्राध्यापक झाल्या. व्हॅलेंटिना यांनी दुसरं लग्न केलं नाही. २०२० साली त्या वारल्या.

१९६९ साली आर्मस्ट्राँग आणि त्यांचे सोबती चंद्रावर गेले, तेव्हा त्यांनी गागारिन यांचं पदक चंद्रावर ठेवलं. त्या तिघांनी जाण्याआधी घरच्यांसाठी पुष्कळ पाकिटांवर सह्या करून ठेवल्या होत्या. आपण परत आलो नाही तर त्या विकून बायकापोरांचं भागावं म्हणून. गागारिन यांच्या मॉस्कोजवळच्या खोलीतल्या वस्तू पण तशाच जपून ठेवल्या आहेत. तिथे एक वही असते. अंतराळात जायच्या आधी अंतराळवीर तिच्यात सही करतात. सह्या घेणाऱ्या माणसांची वही असते, तशी ही सही देणाऱ्यांची वही. आपले राकेश शर्मा १९८४ साली बैकोनूरहूनच अंतराळात गेले.

बाईंनी पत्राचं सांगितलं तेव्हा मला माझ्या घरची आठवण झाली. माझे आईबाबा दरवर्षी ऊसतोडीला जातात. सहा महिने येत नाहीत. मी आजीजवळ राहते. पहिल्या सत्राच्या प्रगतिपुस्तकात पालकाच्या सहीच्या जागी आजीचा अंगठा आहे. मला त्याची लाज वाटायची. बाईंकडे देताना मी माझं प्रगतिपुस्तक सगळ्यांच्या खाली सरकवलं होतं. आजीला ते माहीत नाही. पण मला माहीत आहे.

गागारिन एवढे मोठे, पण पत्र लिहिताना त्यांना धार काढणारी आई आणि सुतार वडील आठवले. त्यांना त्यांची लाज वाटली नाही. मग मला का वाटावी? आजी पहाटे उठून भाकरी करते, माझी वेणी घालते आणि रात्री मी अभ्यास करते तोवर शेजारी जागी बसते.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी वहीचं पहिलं पान उघडलं. आजीच्या अंगठ्याला शाई लावली आणि त्या कोऱ्या पानावर अंगठा घेतला. खाली मी तिचं नाव लिहिलं. आजी विचारत होती, हे कशाला गं? मी काही सांगितलं नाही. दुसरं पान आईबाबांसाठी ठेवलं आहे. चैत्रात ते आले की सही घेणार आहे.

मोठी झाल्यावर मला अंतराळवीराची सही मिळाली तर मी जरूर घेईन. पण ती आता तिसऱ्या पानावर येईल.

आलेल्या पालकांना एक विनंती. माझी वही भित्तिपत्रकाच्या खाली टेबलावर ठेवली आहे. पेन आहे आणि शाईचं पॅड पण आहे. सही येत असेल त्यांनी सही करावी, नसेल त्यांनी अंगठा द्यावा. मला दोन्ही पाहिजे.



— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी